पावसाळा, मांगर आणि मांजरांचा कोरोना

मांजराला कोरोना होतो म्हटले की फोंडाघाटात पहिला प्रश्न येतो, ‘आमका होतलो काय?’ नाही. मांजरांच्या आतड्यात राहणारा हा कोरोना कोविडच्या विषाणूपेक्षा वेगळा आहे आणि तो माणसाला लागत नाही.

बहुतेक मांजरांना त्याने थोडे जुलाब होतात, कित्येकांना तेही नाहीत. पण शंभरात पाच-दहा मांजरांच्या शरीरात हा विषाणू रूप बदलतो आणि ‘एफआयपी’ हा जीवघेणा आजार होतो. दोन वर्षांच्या आतली मांजरे त्यात जास्त सापडतात.

पसरतो तो मुख्यतः विष्ठेतून. एरवी मांजर परड्यात जाऊन माती ओढून येते, तेव्हा फारसे भय नसते. पाऊस लागला की मात्र घरची नि शेजारची मांजरे मिळून मांगरातला एकच कोरडा कोपरा धरतात, नाहीतर चुलीतून काढलेल्या राखेचा ढीग. तिथली घाण पायाला लागते आणि पाय चाटले की पोटात जाते. कोरड्या जागी हा विषाणू सात आठवड्यांपर्यंत टिकू शकतो.

तेव्हा पावसाळ्यात मांजरे जितकी, त्याहून एक घमेले जास्त ठेवा. त्यात वाळू घाला, घाण रोज काढा आणि जेवणाची ताटली लांब ठेवा. घमेले आधी घासून मग एक भाग ब्लीच नि 32 भाग पाणी वापरून धुवा, पुन्हा साध्या पाण्याने धुऊन वाळवा. फिनेल नको, ते मांजराला विषारी ठरते. कोणी आणून सोडलेले पिल्लू थेट घोळक्यात सोडू नका. एका खोलीत तीन-चारांहून जास्त मांजरे म्हणजे ताण, आणि ताण या आजाराला बळ देतो. आपल्याकडे याची लस मिळत नाही. धडधाकट मांजराच्या रक्ततपासणीवर पैसे घालवू नका. त्यातून पुढे एफआयपी होईल की नाही ते कळत नाही.

एक खूण लक्षात ठेवा. कोवळा बोका, पाठीचा कणा हाताला लागतोय, पोट मात्र फुगलेले, ताप हटत नाही. अशा वेळी जंताचे औषध देऊन आठवडा घालवू नका. त्या पोटात पिवळे, चिकट पाणी असू शकते. पूर्वी इथे आम्ही हात टेकत होतो. आता रेमडेसिविर आणि त्याच कुळातले जीएस-441524 यांनी बरीच मांजरे वाचतात. उपचार साधारण 84 दिवसांचा असतो.