मुलांच्या हाताला येईल असं कपाट

प्रश्न: आम्ही दोघं नोकरी करतो. मुलं ३ आणि ६ वर्षांची. फ्लॅटमध्ये भिंतीतली कपाटं करून घ्यायची आहेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर: सुताराला बोलावण्याआधी आठवडाभर पसारा कुठे साचतो ते पाहा. बहुधा दाराशीच: चपला, दप्तरं, रेनकोट. तिथे १४ इंच खोल कपाट पुरतं. हँगरच्या कपड्यांना मात्र २४ इंच लागतात. दप्तरांच्या खुंट्या जमिनीपासून ३ फुटांवर लावा, मुलं स्वतः अडकवतील. फळ्या वरखाली करता येतील अशा घ्या. बाथरूमलगतच्या भिंतीची ओल आधी काढा, मग आयएस ७१० शिक्क्याचं, पाण्याला टिकणारं प्लायवूड वापरा. खणांचं उंच कपाट भिंतीला स्क्रूने पक्कं आवळाच. मुलं उघड्या खणांवर पाय देऊन चढतात आणि कपाट अंगावर येतं. इथे पैसे वाचवू नका. क्वचित लागणाऱ्या वस्तू माळ्यावर ठेवा: गणपतीची आरास, रजया, प्रवासाच्या बॅगा.