अनुदेशनाची आखणी आणि तिचे कर्ते

शिकवणे झाले म्हणजे शिकणेही झाले, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वर्गात हे गृहीत बऱ्याच अंशी खपून जाते. कारण विद्यार्थ्याच्या कपाळावरील आठी शिक्षकाला दिसते आणि तो तेच वाक्य निराळ्या शब्दांत पुन्हा सांगतो. परंतु शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात शेकडो किलोमीटरांचे अंतर असेल व त्यांना जोडणारा दुवा केवळ एक पुस्तक असेल, तर ही दुरुस्ती कोणी करायची? विद्यार्थ्याच्या संभाव्य अडचणी आधीच हेरून पाठात त्यांची तरतूद करून ठेवणे, हे अनुदेशनाच्या आखणीचे मुख्य कार्य होय.

१९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली, तेव्हा मराठीपुढे हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. शेती, घरकाम वा नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी हे विद्यापीठ होते. ब्रिटनमध्ये १९६९ साली स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाने अभ्यासक्रम एकट्या प्राध्यापकाने न लिहिता गटाने तयार करण्याची पद्धत त्यापूर्वीच रूढ केली होती. पाठ हे अनेकांच्या हातचे काम असते, ही कल्पना आपल्याकडील विद्वत्परंपरेला काहीशी परकीच होती. ग्रंथ म्हटला की त्याचा एक कर्ता असावयाचा, ही आपली समजूत.

या गटाची गरज एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, कीटकनाशकाच्या फवारणीवर एक पाठ तयार करावयाचा आहे. विषयतज्ज्ञाचा पहिला मसुदा बहुधा कीटकनाशकांच्या वर्गीकरणापासून सुरू होतो व रासायनिक घटकांच्या यादीत रमतो. त्यात चूक काहीच नसते. येथे आखणीकार विचारतो : पाठ संपल्यावर शिकणाऱ्याला काय करता आले पाहिजे? ‘त्याला माहिती होईल’ हे उत्तर पुरेसे नाही. उद्दिष्ट हे पाहता येईल अशा कृतीच्या भाषेत मांडावे, असा आग्रह अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये धरला. तो आजही ग्राह्य आहे. तेव्हा उद्दिष्ट असे ठरते : डब्यावरील प्रमाण वाचून सोळा लिटरच्या पंपासाठी औषध अचूक मोजता यावे.

उद्दिष्ट असे उतरवताच मसुद्यातील पोकळी दिसू लागते. समजा, डब्यावर हेक्टरी ५०० लिटर पाण्यात २५० मिलिलिटर औषध, असे प्रमाण दिले आहे. तज्ज्ञ मनातल्या मनात लिटरला अर्धा मिलिलिटर, म्हणजे पंपाला ८ मिलिलिटर, असा हिशेब करून पुढे जातो. शिकणारा मात्र तेथेच अडतो आणि डब्याचे झाकण हेच माप मानतो. ज्याचा हात वर्षानुवर्षे एखाद्या कामावर बसला आहे, त्याला त्या कामातील पायऱ्या दिसेनाशा होतात. म्हणून प्रत्येक पायरी सुटी करून मांडणे हे आखणीकाराचे पहिले काम ठरते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती आणि ती सारीच चांगल्या पाठाने दूर होण्यासारखी नव्हती. तथापि अशा विषयात एक पायरी गाळण्याची किंमत काय असू शकते, हे त्यावरून कळावे.

भाषा संपादकाचे काम शुद्धलेखनापुरते नसते. ‘द्रावण ढवळले जावे’ हे वाक्य निर्दोष आहे. पण कोणी व कशाने, हे त्यात नाही. ‘द्रावण लांब काठीने ढवळा, हात घालू नका’ हे खरे संपादन. चित्रकाराचेही तसेच. कीटकनाशकाच्या डब्यावर विषारीपणाची तीव्रता उतरत्या क्रमाने लाल, पिवळ्या, निळ्या व हिरव्या रंगाने दर्शविलेली असते. पुस्तक एकाच शाईत छापले जाणार असेल, तर ही चारही चिन्हे करडी दिसतील आणि पाठाचा हेतूच नष्ट होईल. ही गोष्ट तज्ज्ञाच्या लक्षात येत नाही, मुद्रकाला तिचे महत्त्व ठाऊक नसते. दोघांना वेळीच एकत्र बसवणे हे समन्वयकाचे काम. ‘विषारीपणाचे वर्ग लिहा’ असा प्रश्न काढणाऱ्या परीक्षकालाही थांबवावे लागते, कारण उद्दिष्ट मोजण्याचे होते, पाठांतराचे नव्हे.

या गटात खटके उडतातच. रसायनशास्त्राचा भाग गाळण्यास तज्ज्ञ सहसा राजी नसतो. अशा वेळी अधिकाराची सीमा आखून घेणे इष्ट : विधान खरे की खोटे, हे तज्ज्ञाने ठरवावे, ते समजते की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्याला देऊ नये. लहान संस्थेत एकच व्यक्ती दोन-तीन भूमिका पार पाडते, त्यास हरकत नाही. फक्त लेखकानेच स्वतःच्या पाठाची सुगमता तपासू नये.

ती तपासणी वस्तुतः शिकणाऱ्यानेच करावयाची असते, आणि वेळ अपुरा पडला की सर्वांत आधी तीच वगळली जाते. मसुदा दुसऱ्या प्राध्यापकाला वाचावयास दिल्याने तिची उणीव भरून निघत नाही. ज्यांच्यासाठी पाठ आहे अशा दोघा-तिघांना तो एकेकट्याने वाचावयास द्यावा, हाती पेन्सिल द्यावी आणि जेथे थांबावे लागेल तेथे खूण करण्यास सांगावे. जवळ बसलेल्या आखणीकाराने मदत करू नये, मान डोलावू नये, स्पष्टीकरण तर मुळीच देऊ नये. त्यानंतर वाचणाऱ्यापुढे रिकामा पंप, मोजपात्र व औषधाऐवजी रंगीत पाणी ठेवावे आणि त्याला माप काढावयास सांगावे.