महाकाय कंटेनर जहाजे : लाभ आणि जोखीम

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे सर्वत्र परिचित आहे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. तथापि या परिसरात सोयाबीनचे पीक मोठ्या प्रमाणावर होते आणि सोयापेंडीला परदेशांतही मागणी असते. अशी पेंड लोखंडी पेटीत, म्हणजेच कंटेनरमध्ये, भरून न्हावा-शेवा बंदरातून रवाना झाली की तिचे भवितव्य जहाजाशी बांधले जाते. म्हणूनच जहाजांच्या वाढत्या आकाराचा प्रश्न केवळ किनारपट्टीचा नाही.

आकार का वाढला?

२६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन अमेरिकेतील न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले. आज वीस फुटी पेटीच्या मापाने २४,००० हून अधिक पेट्या मावतील अशी जहाजे चालू आहेत. पेट्या वाढल्या की प्रत्येक पेटीमागे इंधनाचा व खलाशांचा खर्च कमी होतो. मात्र जहाज भरलेले असेल तरच नौकानयन कंपनीला हा लाभ मिळतो. शिवाय दाटीने रचलेल्या पेट्यांमध्ये आग लागल्यास तेथवर पोहोचणे कठीण असते. मार्च २०१८ मध्ये अरबी समुद्रात ‘मर्स्क होनाम’ या जहाजावर लागलेल्या आगीत पाच खलाशांना प्राण गमवावे लागले.

मुंबईचा धडा

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’वर बाराशेच्या वर पेट्या होत्या, त्यांपैकी सुमारे तीनशे समुद्रात पडल्या. तेलाची गळती झाली व मासेमारीस फटका बसला. तरंगत्या व बुडालेल्या पेट्यांमुळे जलमार्ग धोकादायक बनला आणि मुंबई व न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. आजच्या मानाने हे जहाज लहानच होते. त्याच्या कित्येक पट मोठे जहाज अशा अरुंद मार्गात अडकले, तर बंदरापुढील संकट किती मोठे असेल, याची कल्पना यावरून येते.

मोठ्या जहाजांना खोल पाणी, उंच क्रेन व विस्तीर्ण आवार लागते. हजारो पेट्या एकाच वेळी उतरल्या की रस्ते व रेल्वे यांवरही ताण येतो. सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली लाभलेल्या पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. प्रकल्पाचा अंदाजित खर्च ७६,२२० कोटी रुपये आहे. अशा बंदराच्या नियोजनात अपघातनिवारणाची सिद्धताही तितकीच महत्त्वाची ठरते.

भार सर्वांवर

२३ मार्च २०२१ रोजी ४०० मीटर लांबीचे ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात रुतले व सहा दिवस वाहतूक ठप्प झाली. त्यावरील पंचवीसही खलाशी भारतीय होते. जहाज सुटल्यावर मालकाने ‘सामायिक हानी’ जाहीर केली. जहाज व माल वाचविण्याचा असाधारण खर्च जहाजमालक व मालधनी यांनी आपापल्या मूल्याच्या प्रमाणात वाटून घ्यावा, असा हा सागरी व्यापारातील प्राचीन संकेत आहे. आपली पेटी सुखरूप असली तरी वर्गणीची हमी दिल्याखेरीज ती सोडविता येत नाही. विमा असल्यास ही हमी सामान्यतः विमा कंपनी देते. नसल्यास रक्कम मालधन्यालाच उभी करावी लागते. विमा कंपन्यांची चिंताही येथेच आहे : पूर्वी अनेक जहाजांवर विभागलेली जोखीम आता एकाच जहाजावर एकवटते.

बोध

शेतकरी उत्पादक कंपन्या व लहान निर्यातदार यांनी माल पाठविण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. सागरी विमा करारानुसार कोणी उतरवावयाचा, त्यात सामायिक हानीचा समावेश आहे काय आणि विलंब झाल्यास तोटा कोणाचा. शक्य तेव्हा सर्व माल एकाच जहाजाने पाठवू नये. एका पेटीचा धनीही महाकाय जहाजाच्या जोखमीत भागीदार असतो. ही जाणीव ग्रामसभेपर्यंत आणि शाळेच्या वर्गापर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.