तिकीट फाडायचं की वर्गणी काढायची?

प्रश्न : आमच्या चार सोसायट्यांना वनाज मेट्रो स्टेशनपर्यंत मिनीबस सुरू करायची आहे. माणशी दहा रुपये घेतले तर चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कल्पना उत्तम, पण तिकीट फाडू नका. थांब्याथांब्यावर माणसं घेऊन प्रत्येकाकडून वेगळं भाडं घ्यायचं, तर मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार टप्पा वाहतुकीचा परवाना लागतो. त्यापेक्षा कंत्राटी परवान्याची अख्खी बस सोसायट्यांच्या नावाने लेखी कराराने ठरवा, खर्च मासिक वर्गणीतून भागवा. वाटेत परके प्रवासी घेऊ नका. सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळीच, पण दर पंधरा मिनिटांनी फेरी ठेवा. बस चुकली की माणूस पुन्हा स्कूटर काढतो. करारापूर्वी परवान्याची प्रत आरटीओत दाखवून घ्या, आणि पीएमपीएमएलकडे फीडर बसची लेखी मागणीही जरूर करा.