बटाटा राहू द्या, ताटातली त्याची जागा बदला

डिसेंबरात पार्सिपनीत साडेचारलाच अंधार पडतो. जानेवारीत रात्रीचा पारा शून्याच्या बराच खाली उतरतो, लेक पार्सिपनीभोवती संध्याकाळी फिरणारी मंडळी घरात बसतात, आणि कामावरून परतल्यावर काहीतरी गरम, ओळखीचं खावंसं वाटतं. मग बटाट्याचा रस्सा होतो, सुट्टीच्या दिवशी वडे होतात. संक्रांतीला तिळगूळ आणि गुळाच्या पोळ्या असतात, शिवाय आईनं किंवा सासूबाईंनी आठवणीनं पाठवलेला डिंकाच्या लाडवांचा डबा असतो. अशा वेळी मधुमेह असलेले बरेच जण विचारतात, ‘डॉक्टर, बटाटा आणि गोड बंदच करू का?’

बंद करू नका. घरचं गरम जेवण परमुलखातल्या थंडीत मनालाही आधार देतं. फक्त ताट नव्याने मांडा.

बटाटा म्हणजे पोळी

आपल्याकडे बटाटा भाजीच्या वाटीत येतो. त्याच्याबरोबर तीन पोळ्या आणि शेवटी वरणभात. म्हणजे एकाच जेवणात पिठूळ पदार्थ तीनदा. उकडलेल्या १५० ग्रॅम बटाट्यात साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं असतात, जवळपास दोन फुलक्यांइतकी. इथल्या दुकानातला एक मोठा रसेट बटाटा ३०० ग्रॅमच्याही पुढे जातो, तेव्हा ‘एकच तर बटाटा घेतला’ हा हिशोब इथे फसतो.

म्हणून बटाट्याची भाजी केली त्या दिवशी दोन फुलके कमी करा किंवा भात सोडा. ताटाचा अर्धा भाग मेथी, पालक, कोबी, फ्लॉवर, कोशिंबीर यांना द्या. रूट ४६ वरच्या देशी दुकानांत या भाज्या थंडीतही मिळतात. एक चतुर्थांश भाग उसळ, घट्ट वरण, अंडी किंवा मासे यांचा. उरलेल्या चतुर्थांशात बटाटा आणि पोळी मिळून.

बटाटा तसा गुणी आहे. त्यात पोटॅशियम आहे, क जीवनसत्त्व आहे, सालासकट खाल्ला तर चोथाही मिळतो. उकडून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला की त्यातल्या काही स्टार्चचं रूप बदलतं आणि तेवढा भाग सावकाश पचतो किंवा पचतच नाही. सकाळी मोहरी, हिंग, हळद, कढीपत्त्याची फोडणी करून तोच परता. फरक थोडाच पडतो, त्यामुळे प्रमाण मात्र सोडू नका.

रश्श्यासाठी लाल सालीचा बटाटा घ्या. तो फुटत नाही. रस्सा दाट करायला जास्तीचं खोबरं-तेल लागत नाही. दोन फोडी ठेचल्या की पुरतं. त्यातच मटार आणि फ्लॉवर घातला की बटाटा आपोआप निम्म्यावर येतो. वडे आप्पेपात्रात थोड्या तेलावर होतात. तळायचेच असतील, तर सोनेरी रंगावर काढा. पिठूळ पदार्थ १२० अंशांच्या वर तळले-भाजले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं, हे २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. रंग जितका काळपट, तितकं ते जास्त. काचऱ्या परतण्याआधी अर्धा तास पाण्यात भिजवून कोरड्या केल्या, तर ते कमी होतं. हिरवट पडलेला किंवा खूप मोड आलेला बटाटा सरळ टाकून द्या.

मूत्रपिंडाचा विकार असेल आणि पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलं असेल, तर बटाटा किती आणि कसा खायचा हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

गूळ हीसुद्धा साखरच

गुळात थोडी खनिजं असतात, पण रक्तातली साखर तो साखरेसारखाच वाढवतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर बायकांनी दिवसाला २५ आणि पुरुषांनी ३६ ग्रॅमच्या आत ठेवावी. ३० ग्रॅमच्या तिळाच्या लाडवात निम्मा गूळ धरला, तर एकाच लाडवात १५ ग्रॅम झाली. म्हणून लाडू सुपारीएवढे वळा. तीळ आणि दाण्याचा कूट वाढवा, गूळ चिकटण्यापुरताच ठेवा. डिंकाच्या लाडवात खारीक आधीच गोड असते, त्यामुळे गूळ निम्म्यावर आणला तरी चव जात नाही. हा लाडू मूळचा बाळंतिणीचा. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्याला अर्धा पुरतो. गाजराच्या हलव्यात दूध नीट आटू दिलं की त्याचा स्वतःचा गोडवा उतरतो. साखर शेवटी, चाखून घाला.

गोड जेवणातच घ्या, तेवढ्यापुरता भात कमी करून. रात्री दहाला टीव्हीसमोर डबा उघडून बसू नका.

बर्फ उपसणाऱ्यांसाठी

भरपेट जेवून लगेच फावडं हातात घेऊ नका. थंडीनं रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, त्यात हातांचा जोरकस व्यायाम होतो. हृदयावर एकदम ताण पडतो. हृदयविकार असेल, तर हे काम दुसऱ्यावर सोपवा. रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दडपण आलं किंवा दम लागला, तर ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून थांबू नका, ९११ लावा.

तपासून बघा

आपल्या लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो. म्हणून अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१५ मध्ये आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी बीएमआय २३ पासूनच करावी असं सुचवलं. इतरांसाठी हा आकडा २५ आहे. तुम्ही सडपातळ दिसत असलात, तरी घरात मधुमेह असेल, तर एचबीए१सी करून घ्या.

मधुमेह असेल, तर बटाट्याच्या जेवणाला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी साखर मोजा. बहुतेकांसाठी ती १८०च्या आत हवी. वर गेली, तर पुढच्या वेळी बटाटा थोडा कमी, उसळ थोडी जास्त घ्या आणि पुन्हा मोजा. दोनतीनदा असं केलं की तुमच्या शरीराला किती बटाटा झेपतो हे तुम्हालाच कळेल. ते आकडे वहीत लिहा आणि पुढच्या भेटीला वही बरोबर आणा. औषधाचा डोस ठरवायला त्यांचा फार उपयोग होतो.