औषध जनावराला, बंदोबस्त पाण्याचा

भंडारा-गोंदिया हा तलावांचा आणि धानाचा पट्टा. इथे पशुवैद्य म्हणून काम करताना यकृतकृमीशी, म्हणजे लिव्हर फ्लूकशी, दरवर्षी गाठ पडते. जंत म्हटले की सगळ्यांचे लक्ष जनावराच्या पोटाकडे जाते. हा जंत मात्र आयुष्याचा एक टप्पा गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत काढतो. त्याबद्दल अनुभवातून पटलेल्या या गोष्टी.

१. सगळ्या गोगलगायी सारख्या नसतात.
यकृतकृमीला लिम्निया लागते: पातळ, टोकदार शंखाची, रुंद तोंडाची. चपट्या चकतीसारखी गुंडाळलेली असते ती इंडोप्लॅनॉर्बिस. जनावराच्या नाकात राहणाऱ्या दुसऱ्या एका कृमीचा (मुद्दा ६) प्रसार तिच्यातून होतो. बोडी, म्हणजे लहान तलाव, आटली म्हणून या दोन्ही मरत नाहीत. चिखलात दडून राहतात आणि पावसाबरोबर पुन्हा वर येतात.

२. शेण पाण्यात गेले की चक्र सुरू होते.
शेणातली अंडी उबदार पाण्यात साधारण दोन आठवड्यांत फुटतात. त्यातून निघालेल्या डिंभाला सुमारे एका दिवसात योग्य गोगलगाय सापडली नाही तर तो मरतो. सापडली तर तिच्या अंगात एकाचे शेकडो होतात. ते पाण्यात उतरतात, गवताला किंवा धानाच्या काडीला चिकटतात आणि स्वतःभोवती कवच करतात. जनावर ते चाऱ्याबरोबर गिळते. म्हणून शेण थेट धानाच्या बांधीत किंवा तलावात न टाकता खड्ड्यात नीट कुजवावे. कुजताना निघणाऱ्या उष्णतेने अंडी मरतात.

३. जबड्याखाली सूज आली म्हणजे उशीर झाला.
आपल्याकडच्या यकृतकृमीला अंडी घालण्याइतके मोठे व्हायला तीन-चार महिने लागतात. तोवर शेणात काही दिसत नाही, पण कोवळे कृमी यकृत पोखरत असतात. तलावाचे पाणी मागे सरते, काठ हिरवागार होतो आणि जनावरे तिकडेच धावतात; लागण तिथेच होते. नंतर दूध घटते, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या पडतात आणि शेवटी जबड्याखाली सूज येते.

४. शेण कसे तपासले, ते विचारा.
मिठाच्या पाण्यावर गोल जंतांची अंडी तरंगतात. यकृतकृमीची जड अंडी तळाशी बसतात. फक्त तरंगणारा थर पाहून ‘जंत नाहीत’ म्हटले तर विश्वास ठेवू नका. शेण पाण्यात कालवून, गाळून, निवळून खालचा गाळ पाहावा लागतो.

५. औषधाची निवड वेळेवर ठरते.
ऑक्सिक्लोझानाइड मुख्यतः मोठ्या कृमींवर चालते. ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्यांवरही चालते. मात्रा वजनावर ठरते आणि दुभत्या जनावराच्या दुधाचाही प्रश्न असतो. दुकानातून बाटली आणून अंदाजाने पाजू नका.

६. बैल घोरतो तेव्हा नाक पाहा.
नाकातल्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या शिस्टोसोमा नेझाल या कृमीचे वर्णन 1933 मध्ये मद्रासमध्ये झाले. बैलाच्या नाकात फुलकोबीसारख्या गाठी येतात, शेंबडात रक्त दिसते, श्वास घुरघुरतो. म्हशीला बहुधा फारसा त्रास दिसत नाही, पण तिच्या नाकातूनही अंडी पाण्यात पडतात. बैलावर उपचार करताना शेजारच्या म्हशीला विसरू नये.

७. माणूस यातून सुटलेला नाही.
जनावरांच्या शिस्टोसोमाचे डिंभ पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतही शिरतात. तिथेच मरतात, पण अंगावर खाजरे पुरळ उठते. रोवणी करणाऱ्यांच्या पायांना सुटणाऱ्या खाजेमागे हेही एक कारण असू शकते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत तर 1952 मध्ये माणसाच्या मूत्रमार्गातल्या शिस्टोसोमाची नोंद झाली. तिथेही मध्यस्थ होती ती फेरिसिया नावाची इवलीशी गोगलगाय.

८. तलाव मारून रोग मारू नका.
मोरचुदाने गोगलगायी मरतात, पण मासेही मरतात. ज्या तलावावर मासेमार ढिवरांचे पोट आहे, तिथे हा उपाय चालणार नाही. बदके पाळा, ती गोगलगायी खातात. दलदलीचा काठ कुंपण घालून बंद करा. गोठ्याजवळ हौद बांधून तिथेच पाणी पाजा. धानाचे तणस पूर्ण वाळल्यावरच घाला.

हे एकट्याने करून भागत नाही, कारण तलाव गावाचा आहे. पावसाळा संपताना गावातल्या सगळ्या जनावरांना पशुवैद्याच्या सल्ल्याने एकाच वेळी औषध द्या आणि त्याच आठवड्यात काठाचे कुंपणही घाला.