गोवामुक्तीचा आवाज : एका भूमिगत नभोवाणीचा अभ्यास

वृत्तपत्राचा व्यवसाय वरून दिसतो तितका सोपा नाही. बातमी मिळवणे हे पहिले काम झाले. परंतु त्यापुढे कागद, छपाई, वाहतूक, विक्रेता आणि अखेरीस अक्षरओळख असलेला वाचक, एवढी साखळी जुळावी लागते. यांपैकी एक कडी निखळली तरी बातमी पडून राहते आणि शिळी होते. १९५५ साली गोव्याच्या बाबतीत ही साखळी जवळजवळ सर्वच ठिकाणी तुटली होती. अशा वेळी काही तरुणांनी छापील कागदाचा नाद सोडून बातमी हवेतून पोहोचवली. आपल्या बेळगाव परिसराच्या शेजारीच घडलेला हा प्रयोग अभ्यासण्यासारखा आहे.

पार्श्वभूमी

पोर्तुगालमध्ये सालाझारची हुकूमशाही होती आणि गोव्यातील प्रत्येक छापील ओळ सेन्सॉरच्या हाताखालून जात असे. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी नागरी स्वातंत्र्याची मागणी केली, त्या वेळी साधी सभा घेण्यासही तेथे बंदी होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक जण हुतात्मा झाले. त्यानंतर भारताने सीमा बंद केली. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे मुरगावला जाणारी रेल्वे वाहतूक थांबली. माणसे जाईनात, माल जाईना, तिथे वर्तमानपत्राचा गठ्ठा कोठून जाणार?

जंगलातील केंद्र

या कोंडीतून २५ नोव्हेंबर १९५५ रोजी एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. पोर्तुगीज भाषेत त्याचे नाव 'व्हॉझ द लिबरदाद', तर कोकणीत 'गोंयचे सोडवणेचो आवाज'. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी ते नेटाने चालवले. आरंभीच्या उभारणीत निकोलाव मिनेझिस यांचाही वाटा होता. बेळगावहून सावंतवाडीस जाताना लागणाऱ्या आंबोलीच्या रानात, ट्रकमध्ये बसवलेल्या प्रक्षेपकावरून पहिले कार्यक्रम झाले. पुढे मुक्काम कॅसलरॉकच्या जंगलात हलला. आंबोलीचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला तेथे यंत्र कोरडे ठेवणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

लिबिया लोबो यांची पूर्वपीठिका मोठी बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत त्या पत्रे तपासणाऱ्या सेन्सॉर खात्यात होत्या आणि इटालियन युद्धकैद्यांची पत्रे त्यांच्या हाताखालून जात. नंतर त्यांनी मुंबई आकाशवाणीत नोकरी केली व कायद्याचा अभ्यास केला. सत्ता कोणत्या मजकुराला भिते, हे सेन्सॉरच्या मेजावर बसणाऱ्याइतके कोणाला कळणार? तीच व्यक्ती पुढे सेन्सॉरशिपच्या भिंतीवरून बातमी पलीकडे टाकू लागली.

दोन भाषा, दोन श्रोते

या केंद्राने पोर्तुगीज आणि कोकणी अशा दोन भाषा निवडल्या, हा मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. पोर्तुगीज कळे ती अधिकारी, सैनिक व शिक्षित वर्गाला. कोकणी ही घरातली आणि बाजारातली भाषा. अधिकाऱ्याला सांगावयाचे ते त्याच्या राज्याचा पाया किती पोकळ आहे हे, आणि सामान्य माणसाला सांगावयाचे ते तू एकटा नाहीस हे. भारतीय संसदेत गोव्याविषयी काय बोलले गेले, आशिया-आफ्रिकेतील इतर वसाहती कशा स्वतंत्र होत आहेत, या वार्ता पलीकडे गेल्या. पोर्तुगीज सरकारची 'एमिसोरा द गोवा' जे सांगे, त्याला उत्तर देणारा दुसरा आवाज श्रोत्याला मिळाला.

वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगावयाचे तर येथे वितरणाचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला. नाक्यावरचा शिपाई गठ्ठा अडवू शकतो, रेडिओलहर अडवू शकत नाही. शिवाय निरक्षर माणूसही गिऱ्हाईक झाला. मात्र या व्यवहारात भांडवल एकच होते, ते म्हणजे विश्वास. ऐकणारा प्रत्यक्ष गोव्यात राहत होता. त्याच्या गावाविषयी एक खोटी बातमी दिली असती, तर दाराबाहेर पाहून त्याने ती लगेच ओळखली असती आणि रेडिओ बंद केला असता. छापील अंकात दुसऱ्या दिवशी खुलासा देता येतो. चोरून ऐकणाऱ्या श्रोत्याला तो ऐकू जाईलच याची खात्री नसते.

तुलना करावयाची झाल्यास १९४२ च्या काँग्रेस रेडिओशी करता येईल. उषा मेहता व सहकाऱ्यांचे ते केंद्र मुंबईतच, म्हणजे ब्रिटिशांच्या हद्दीत होते. २७ ऑगस्टला ते सुरू झाले आणि १२ नोव्हेंबरला पकडले गेले. गोव्याचे केंद्र सीमेच्या अलीकडे असल्यामुळे सुमारे सहा वर्षे टिकले.

शेवटचे वृत्त

डिसेंबर १९६१ मध्ये लष्करी कारवाई झाली. १८ तारखेला आपल्या सांबऱ्याच्या विमानतळावरून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. १९ तारखेस लिबिया लोबो व वामन सरदेसाई यांनी विमानात ध्वनिवर्धक बसवून पणजीवर फेऱ्या मारल्या आणि गोवा मुक्त झाल्याची वार्ता आकाशातून पोर्तुगीज व कोकणीत सांगितली. १९६४ साली त्याच तारखेला दोघे विवाहबद्ध झाले. पुढे लिबियाबाई गोव्याच्या पर्यटन खात्याच्या पहिल्या संचालक झाल्या. २०२५ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

निष्कर्ष

आपण सीमाभागातील विद्यार्थी एकच घटना मराठीत वाचतो आणि कन्नडमध्येही ऐकतो. पुष्कळदा दोन्हींतील वजन निराळे असते. कोणती बातमी खरी, याचा निवाडा भाषेवरून करण्याचा मोह आपल्याला होतो. आंबोलीच्या रानातील त्या दोघांनी दोन भाषांत बोलताना श्रोता बदलला, पण ध्येय एकच ठेवले. वृत्तव्यवसायात उतरू इच्छिणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने हा धडा गिरवावा आणि दोन्ही भाषा येणाऱ्यांनी तो अधिक काटेकोरपणे गिरवावा, कारण दोन्हीकडचे ताडून पाहण्याची सोय आपल्यालाच आहे.